एकदाच विचारतात

वॉर्डमध्ये मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तिथे कुणी आग्रह करत नसे याचा. गोळ्यांचा नाही, कुलूपबंद दाराचाही नाही. आग्रह न होण्याचा.

लेक प्रायमरी वनला, म्हणजे इथल्या पहिलीला, गेली त्या वर्षी माझी झोप उडाली, मग भूक गेली. एके दिवशी ऑफिसला निघालेली मी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. नवरा जुरोंग आयलंडवरच्या कंपनीतून सुट्टी टाकून धावत आला, आणि संध्याकाळपर्यंत मी मानसोपचाराच्या वॉर्डमध्ये दाखल झाले होते. आठवड्याभरात पुण्याहून आईही येऊन पोचली.

रोज नाश्ता झाला की मनातलं बोलायचा ग्रुप असायचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आम्ही पेशंटनीच गोल मांडायच्या आणि त्यातल्याच एका खुर्चीवर सिस्टरही बसायची. ती मलाय होती, चाळिशीची, डोक्याला स्कार्फ, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, काही बोलायचंय का. बोलायचं तर होतंच. पण पहिल्या विचारण्याला कुणी बोलायला लागतं का? मी म्हटलं, नको नको, आधी बाकीच्यांचं होऊ दे. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा रीत म्हणून नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. सिस्टर म्हणाली, ठीक आहे, आणि शेजारच्या अंकलकडे वळली.

अंकल चिनी होते, बसचे निवृत्त ड्रायव्हर. ते गेलेल्या बायकोबद्दल बोलत राहिले आणि वेळ संपली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बिस्किटांचा ट्रे फिरायचा तेव्हाही मी नको म्हणायची आणि ट्रे खरंच पुढे जायचा. अंकल मात्र "कॅन, कॅन", म्हणजे चालेल चालेल, म्हणत दोन उचलायचे. मनातल्या मनात मी त्यांचं नाव हावरट ठेवलं होतं.

बिस्किटांचं सोडा. मला बोलायचं होतं ते वेगळंच. घरी सगळं ठरून गेलं होतं. नवरा उजाडायच्या आत कंपनीच्या बसने जाणार, मग माझ्याकडे बघणार कोण? तेव्हा डिस्चार्ज मिळाला की मी आईबरोबर पुण्याला जायचं, सहा महिने आराम करायचा. शाळा बुडायला नको म्हणून लेक इथेच राहणार, तिला सांभाळायला हेल्पर, म्हणजे घरात राहणारी कामवाली, ठेवायची. भेटायच्या वेळेत नवरा आणि आई दोघांनी मला विचारलंही होतं. "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," असं मी म्हटलं आणि पुन्हा विचारतील म्हणून वाट बघत बसले. कुणी विचारलं नाही. उलट दोघांचेही चेहरे हलके झाले. मला लेकीला सोडून कुठेही जायचं नव्हतं.

वॉर्डमागच्या छोट्या बागेतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. तिथे एकदा सिस्टर आली आणि मी तिच्यावर घसरलेच. म्हटलं, तुम्ही लोक माणसाला दुसऱ्यांदा विचारतच नाही, ही कुठली पद्धत?

तिला राग आला नाही. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "इथे येणाऱ्या कितीतरी जणांचं 'नाही' कुणी कधी ऐकलेलंच नसतं. म्हणून आम्ही ते पहिल्याच वेळी ऐकतो."

मी धुसफुसत उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न पुरा होण्याआधीच मी हो म्हटलं. सगळं सांगितलं, भरपूर रडले. सल्ला द्यायचा नाही हा ग्रुपचा नियमच होता, त्यामुळे कुणी दिला नाही. फक्त ऐकलं. शेवटी ट्रे आला तेव्हा मी दोन बिस्किटं उचलली, आणि अंकलनी माझ्याकडे बघून समाधानाने मान डोलावली.

शुक्रवारी घरच्यांबरोबर बैठक होती. सिस्टरने एकदाच विचारलं, घरी गेल्यावर तुला काय हवंय? मी आईसाठी मराठीत सांगितलं, मग सिस्टरसाठी इंग्रजीत, "मला पुण्याला जायचं नाही. लेकीजवळ राहायचंय."

आईला ते रीतीतलं पहिलं नको वाटलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ताटात शेवटची पोळी सरकवताना बोलते त्या सुरात सुरू झाली, अगं सहा महिने तर, बघता बघता जातील, जरा अंगाला मांस चढेल. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, शब्दसुद्धा न बदलता. मग आई थांबली. नवरा माझ्याकडे वळला.

"मला वाटलं, तुला जायचंय," तो म्हणाला.

तो खरंच तसं समजून चालला होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती कीव, त्याची आणि माझीही.

पुण्याचं तिकीट रद्द झालं. पाहुणी म्हणून मिळालेला पास संपेपर्यंत आई आमच्याकडे राहिली, आणि पुढे मी घरी राहून हॉस्पिटलच्या दिवसाच्या ग्रुपला जाऊ लागले. पण मला आठवते ती घरी आल्याची पहिली संध्याकाळ. आईने वरणभात केला होता. शेजारी लेक इंग्रजीत शाळेतलं काहीतरी सांगत होती. आई भाताचा डाव घेऊन माझ्या ताटावर वाकली आणि मी म्हटलं, पुरे.

तिचा हात हवेतच थांबला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि भात परत पातेल्यात ठेवला. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं. मला भरून आलं.

थोड्या वेळाने मला खरंच आणखी भात हवासा वाटला. कुणी विचारेल म्हणून मी थांबले नाही. ताट पुढे केलं आणि म्हटलं, "आई, वाढ थोडा."