न चाखलेला पाक

खानदेशातली नर्मदा चिंचणीत येऊन दोन वर्षं झाली, तरी परक्या माणसापुढे तिचा आवाज फुटत नसे. नवरा चंद्रभान तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर एका अमेरिकन साहेबाची जीप चालवी. नोकरी अजून कच्चीच. पक्की करण्याची चिठ्ठी साहेब नव्या वर्षात देणार होता. त्यात चंद्रभानची जीभ सैल. साहेबाचा वसईकर स्वयंपाकी नाताळासाठी घरी गेला, तसा हा साहेबाच्या बायकोला, मॅडमला, सांगून बसला, "मेरी घरवाली का पाक एकदम फर्स्ट क्लास!"

म्हणून त्या गुरुवारी, दत्ताचा उपवास असताना, नर्मदा बंगल्याच्या स्वयंपाकघरात उभी होती. समोर ताटात डुकराची अख्खी शिजवलेली मांडी. तिने पदर नाकाला लावला.

"तुला हात लावायचा नाही. ह्याला वरून गोड पाकाचा लेप देऊन भाजतात. तू नुसता पाक कर, लावणार मॅडम," चंद्रभान म्हणाला.

मॅडमच्या तपकिरी साखरेला मुंग्या लागल्या होत्या. नर्मदाने घरून नेलेला गूळ विरघळवला, डब्यातल्या अननसाचा रस आणि लवंगा घातल्या. थेंब पाण्यात टाकून पाहिला. मऊ गोळी झाली. मॅडमने ब्रश पाकात बुडवून मांसावर फिरवला, पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला. मग चमचाभर पाक नर्मदापुढे धरला. सर्दीने मॅडमचं नाक गच्च होतं, तिला ना वास ना चव.

"चाख म्हणतेय," चंद्रभान कुजबुजला.

नर्मदा दोन पावलं मागे सरली. मांसावरचा ब्रश त्याच पातेल्यात बुडाला होता. "अहो, आज गुरुवार!"

"गुरुवार पुढच्या आठवड्यातही येईल. चिठ्ठी येईल का?"

"मग तुम्हीच चाखा. फुशारकी तुमची."

"मी? माझ्या गळ्यात माळ आहे!"

"आणि माझा दत्त काय वाटेवर पडलाय? सांगा तिला, आमच्यात नैवेद्य चाखत नाहीत. वासावर कळतं."

चंद्रभानने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मॅडमने चमचा आपटला. "और बिगड़ा तो?"



मांडी ओव्हनमध्ये गेली. मॅडमने घड्याळावर बोट ठेवलं, वीस मिनिटं. नर्मदाने आजवर प्रसादाचा शिराही न चाखता केला होता, पण तिथे कढई डोळ्यांसमोर असे. इथे लोखंडी दार बंद. आत काय चाललंय देव जाणे. ती मनात दत्ताचं नाव घेत राहिली.

बारा मिनिटं झाली असतील. गूळ करपण्याच्या आधी येतो तो वास तिच्या नाकात शिरला.

"काढा!"

मॅडमने घड्याळ दाखवलं. तिला कसला वास येणार!

"गप ना," चंद्रभान दातओठ खात म्हणाला. "नोकरी घालवशील."

नर्मदाने फडकं उचललं, दार उघडलं आणि ताट ओढून बाहेर काढलं. मांडी तांब्यासारखी चकाकत होती, पण एक कड काळी पडली होती. मॅडमची नजर त्या कडेवरच खिळली.

पाहुणे जेवायला बसले. दाराआडून दोघं बघत होती. साहेबाने सुरी नेमकी काळ्या कडेला लावली. नर्मदाने चंद्रभानची बाही घट्ट धरली. साहेब चावत राहिला, चावत राहिला. मग सुरी पुन्हा त्याच कडेवर आली.

"दुसरा काप घेतला गं!"

"चिठ्ठीचं काही बोलला?"

"अगं, खाऊ तर दे त्याला."

तिने बाही सोडली नाही.