धारकरांनी लिहून दिलेला अभिप्राय

भोपाळच्या पिपलानी वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये नीळकंठ धारकर राहायचे. कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना तयार करायचे. त्यांच्या नजरेबद्दल सगळ्या वर्कशॉपमध्ये आदर होता.

घरी त्यांना एकच नाद. पहिल्या महायुद्धात रणगाडा कसा असावा हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, तेव्हा आपापल्या कल्पनेची लहान मॉडेलं करून इंजिनिअर ती लष्कराला दाखवत. त्यातले बरेच रणगाडे कधी बनलेच नाहीत. अशी कोणती मॉडेलं कुठल्या संग्रहालयात उरलीत, याची यादी धारकर करत होते. अठरा वर्षं पत्रं पाठवून त्यांनी बावीस शोधली. डोळ्यांनी मात्र एकही पाहिलं नव्हतं.

१९८९ साली एका छावणीच्या गावातल्या लहानशा संग्रहालयाने त्यांना बोलावलं. तिथे कपाटावर हातभर लांबीचं एक मॉडेल पडून होतं. रजा काढून धारकर गेले, दिवसभर ते तपासत बसले, वहीत चित्रं काढली. रणगाडा वळवण्यासाठी मागच्या बाजूला दोन चाकं होती. पण चाकांचे स्क्रू अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे, अलीकडचे. सांध्यांत नवा पांढरा सरस.

"ये असली नहीं है," ते तिथले कारकून दुबे यांना म्हणाले. "किसी ने बाद में बनाया है."

"पक्का?"

"पच्चीस साल से लकड़ी देख रहा हूँ."

"तो एक्सपर्ट साहब, लिखकर दे दीजिए."

त्यांनी लिहून दिलं.

दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या एका अभ्यासकाने फोटो पाठवला. १९१६ सालचा. टेबलावर मॉडेल, त्याच्या डाव्या बाजूवर लाकडाची बदामाएवढी गाठ. धारकरांनी वही काढली. तीच गाठ त्यांनी स्वतःच पेन्सिलीने रेखाटली होती. स्क्रू नवे होते ते मागाहून कुणी दुरुस्ती केली म्हणून. कारखान्यातले जुने नमुने ते स्वतः असेच तर दुरुस्त करत.

त्या संध्याकाळी मी पेपर द्यायला गेलो तेव्हा धारकरांच्या पत्नी लीलाकाकू हळूच म्हणाल्या, "सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीये त्यांनी. उद्या जातो म्हणतात. तू जा बरोबर."

गेलो. दुबेंची बदली झाली होती. नव्या कारकुनाने रजिस्टर उघडून दाखवलं: तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार निकाली. मोडक्या खुर्च्यांबरोबर ते मॉडेल भंगारात गेलं होतं. आम्ही भंगारवाल्याला गाठलं. धारकरांनी फोटो पुढे केला. त्याने बराच वेळ पाहिला.

"छोटी लकड़ी जाड़े में जल जाती है, बाबूजी," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. विदिशा स्टेशन आलं. मग म्हणाले, "दुबेंनी पक्का का म्हणून विचारलं ना, तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला एक्सपर्ट म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं."

घरी आल्यावर त्यांनी यादीत तेविसावी नोंद केली: 'अस्सल. भोपाळच्या नी. ग. धारकर यांच्या चुकीच्या अभिप्रायामुळे नष्ट.'

"अहो, तुमचं नाव कशाला?" काकू म्हणाल्या. "टाकून तर त्यांनी दिलं."

"मी लिहून दिलं म्हणून दिलं."

ती यादी त्यांनी पत्रव्यवहारातल्या सगळ्यांना पाठवली. इंग्लंडच्या अभ्यासकाने सुचवलं, फोटोवरून तुम्हीच एक नक्कल करा. तीन रविवार ते लाकूड समोर घेऊन बसले. तासायला एकदाही सुरुवात केली नाही.

निवृत्तीनंतर ते भोपाळमध्येच अयोध्या नगरला राहायला गेले. यादी पुढे एकतीसपर्यंत गेली. कुणी मत विचारलं, तर जे दिसतं तेवढं ते तपशिलाने कळवत. खरं की खोटं, यावर एक ओळही लिहीत नसत. त्यावरून दोन संग्रहालयांनी पत्रव्यवहारच थांबवला. काकूंना त्याचं वाईट वाटलं. धारकरांनी त्यांची शेवटची पत्रं नुसती फाइलला लावली.