हरभऱ्याच्या रानातला युरोप

मला साधी सायकलसुद्धा चालवता येत नाही, आणि तरीही चार देशांत मोटारहोम कशी चालवायची हे आमच्या ह्यांना मी शिकवलं.

शिकवावंच लागलं! आमची मुलगी स्वाती आणि जावई निखिलराव जर्मनीत असतात. मे महिन्यात मोटारहोम भाड्याने घेऊन आम्हाला जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड दाखवायचं त्यांनी ठरवलं. मोटारहोम म्हणजे चाकावरचं घर. आत पलंग, ओटा, बेसिन आणि (मी दोनदा विचारून खात्री केली) संडाससुद्धा! व्हिसा आले, तिकिटं आली, आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, अख्ख्या पेडगावाला सांगूनही झालं. आणि ऐन वेळी निखिलराव बर्फावरून घसरले. उजवा हात प्लास्टरमध्ये. जूनपर्यंत स्टिअरिंगला शिवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. एवढं धूड चालवायचा स्वातीला धीर होईना.

राहता राहिले आमचे हे, म्हणजे दत्तराव. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, ज्याला म्हणून चाकं आहेत ते सगळं ह्यांनी चालवलेलं. दुसऱ्याच दिवशी परभणीला जाऊन परदेशात चालणाऱ्या परवान्याचा अर्जही टाकून आले. पण निखिलराव काही केल्या हो म्हणेनात. लग्न झाल्या झाल्या ते एकदा ह्यांच्या जीपमधून मानवतला गेले होते. तेव्हापासूनच ते देवधर्माला लागले, असं स्वाती म्हणते.

शेवटी त्यांनी फोनवर अट घातली. "पुढच्या रविवारी मी व्हिडिओ कॉलवर बघतो. बाबांना उजव्या बाजूनं, नियमानं, हॉर्न न वाजवता चालवता आलं तर बुकिंग ठेवू. नाहीतर सोमवारी रद्द."

"रद्द?" आत्याबाई खाटेवर उठून बसल्या. "आन् म्या गावात तोंड कसं दाखवू? त्या सरूबाईला म्या बर्फ आनून द्यायचं कबूल केलंय!"

आता मी बचत गटाची अध्यक्ष. बारा बायकांना एका वेळेला गप्प बसवणारी. एका नवऱ्याला शिस्त लावणं म्हणजे काय मोठंसं? स्वातीने मोबाइलवर पाठवलेले नियम मी चार दिवसांत तोंडपाठ केले आणि शिकवणी सुरू केली.

जागा आयतीच होती. हरभरा निघून रान मोकळं झालं होतं. शाळेच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की आणून मी रस्ते आखले. विहिरीपाशी इटली, बाभळीखाली ऑस्ट्रिया, मोठा बांध म्हणजे आल्प्स. उरलेलं सगळं जर्मनी. मधोमध एक मोठा गोल चौक, आणि त्यात मला उभं राहायला पालथं टोपलं. मोटारहोम म्हणून ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ट्रॉलीत खाट टाकली, शेगडी ठेवली आणि खाटेवर आत्याबाई. (त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण घरासोबत सासू येतेच.)

पहिला धडा हॉर्नचा.

"तिकडं उगं हॉर्न वाजवायचा न्हाई. धोका असंल तरच," मी म्हणाले.

"मंग समोरच्याला कसं कळावं आपून आलाव म्हनून?"

"त्याला दिसतंय की!"

"दिसलं तरी वाजवावं लागतंय. न्हाईतर त्याला वाटंल, वळख दिली न्हाई."

ह्यांचा अंगठा हॉर्नवरून हलेना. चिमणी दिसली की हॉर्न, ढेकूळ दिसलं की हॉर्न, आणि काहीच दिसलं नाही तर 'काहीच कसं दिसेना' म्हणून हॉर्न! शेवटी मी वायरच काढून टाकली. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

दुसरा धडा चौकाचा. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून चौकाला वळसाही आपल्या उलट. हे मी सांगितलं आणि ह्यांनी ट्रॅक्टरच बंद केला.

"उलटी प्रदक्षिना घालू म्हन्तीस?"

"आहो, चौकात देव न्हाई! मधी फक्त म्या हाय!"

"म्हनूनच भ्या वाटायलंय."

मागून आत्याबाई ओरडल्या, "दत्ता, उलटा फिरू नकोस रे! पाप लागतंय!" त्यांची समजूत घालण्यात एक अख्खी सकाळ गेली. चौकातल्या टोपल्यावरचा नारळ मला उचलावा लागला. (कोणी ठेवला होता, ते मी अजून विचारलेलं नाही.)

मग निघाला पट्ट्याचा नियम. गाडी चालू असताना मागे लोळायचं नाही, शेगडी पेटवायची नाही, सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. पट्टा म्हणून मी माझी जुनी साडी आत्याबाईंच्या कमरेभोवती घेऊन खाटेला बांधली.

"अगं, बांधून कामून न्यायलीस? पळून चाललेव का म्या?"

"नियम हाय, आत्याबाई."

"आन् च्या?"

"गाडी थांबल्यावर."

"कसलं मेलं घर हे! आपल्याच घरात च्या न्हाई!"

बाकीचे नियम मात्र ह्यांनी भराभर उचलले. पाटी नसलेल्या फाट्यावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे कळल्यावर ह्यांनी विचारलं, "आन् त्यो म्हनला, 'न्हाई, आधी तुमी', तर?" याचं उत्तर नियमात नव्हतं. इटलीच्या जुन्या गावांत गाडी घातली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंड घरी येतो, म्हणून हे विहिरीकडे बघेनासेच झाले. स्वित्झर्लंडच्या घाटात पिवळी बस आली की तिला वाट द्यायची, हे तर त्यांना फारच पटलं. "म्हंजी तिथली एसटी! एसटीला मान द्यावाच लागतो. त्याच्यात काय शिकायचंय?"

रविवार उजाडला. परीक्षा उन्हं कलल्यावर होती. तिकडे जावयांची जेवणं उरकलेली असणार. मोबाइल आत्याबाईंच्या हाती दिला, कारण त्या बांधलेल्या असल्याने एका जागी राहणार होत्या. मी चमकणारं नारिंगी जाकीट घातलं (रस्त्यात गाडीतून उतरलं की ते लागतं), चौकातल्या टोपल्यावर उभी राहिले आणि शिट्टी फुंकली.

हे निघाले. उजव्या बाजूने! जर्मनी सुरळीत पार पडलं. ऑस्ट्रियाचा टोल-स्टिकर म्हणून लग्नपत्रिकेतला गणपती काचेवर लावायचा होता. ट्रॅक्टरला काच नाही, म्हणून तो ह्यांनी कपाळाला चिकटवला होता. मोबाइलमधून निखिलरावांचा आवाज आला, "आजी, मला फक्त तुमचं नाक दिसतंय!"

"नाकच बगा. बाकी समदं बरूबर चाललंय!"

ह्यांनी चौकाला उलटा वळसा घातला. तोही बिनचूक. हॉर्न नाही, शिव्या नाहीत. माझा ऊर भरून आला. आता फक्त आल्प्स उरला होता, आणि त्याच आल्प्सवरून मेंढ्या उतरताना दिसल्या.

एक नाही, दोन नाही, अख्खा कळप! पुढे खंडूमामा धनगर, मागे त्याचं घोडं, घोड्यावर राहायचं पाल, भांडी आणि कोंबड्या. बघता बघता आल्प्स दिसेनासा झाला. ऑस्ट्रियात मेंढ्या, जर्मनीत मेंढ्या, दोन मेंढ्या तर थेट इटलीच्या जुन्या गावात!

"खंडूमामा!" मी टोपल्यावरून किंचाळले. "हितं कामून आनलीत मेंढरं? परीक्षा चालू हाय हितं!"

"तुमीच तर निरोप धाडला व्हता, वैनी! हरभरा निगाला, की येऊन बसवा म्हनून!"

खरं होतं. मेंढ्या रात्रीच्या रानात बसवल्या की खत आयतंच पडतं, बदल्यात धनगराला धान्य द्यायचं; दरवर्षीची रीत. निरोप मीच पाठवला होता. चार देशांच्या नियमांत माझ्या स्वतःच्या रानाचं आरक्षण तेवढं विसरले होते!

"मामा, आमाला घरगाडीतून युरोपला जायचंय. घर संगं घेऊन फिरायचंय. त्याची तालीम चाललीय!"

खंडूमामाने ट्रॉलीकडे पाहिलं, खाटेला बांधलेल्या आत्याबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या घोड्याकडे पाहिलं. "आमी जलमभर हेच करायलोत, वैनी. कुनी कंदी परीक्षा न्हाई घेतली."

मी मेंढ्या हटवायला शिट्टी फुंकली. कळपातल्या एडक्याला एक तर शिट्टी आवडली नसावी, नाहीतर जाकीट. त्याने मान खाली घातली एवढं मला दिसलं. पुढच्या क्षणी टोपलं एकीकडे आणि मी दुसरीकडे! पाय असा मुरगळला की उठता येईना. चारी बाजूंनी मेंढ्या. मी नुसतीच "आहो! आहो!" ओरडत होते आणि मेंढ्या मला साथ देत होत्या.

"आजी, काय झालं? आई कुठे गेल्या?" मोबाइल विचारत होता.

"मेंढरात पडली तुमची सासू! थांबा, दाखविते!" म्हणत आत्याबाईंनी जन्मात पहिल्यांदा मोबाइल सरळ धरला.

ह्यांनी ट्रॅक्टर माझ्याकडे वळवला. समोर लोकरीची भिंत. अंगठा हॉर्नवर गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. दाबलाही असेल; वायर माझ्याच कपाटात होती! मग हे थांबले. अगदी शांत. रस्त्याच्या उजव्या कडेला ट्रॅक्टर धरला आणि खंडूमामाला नुसता हात केला. खंडूमामाने काठी आडवी धरली, जिभेने एक आवाज काढला, आणि सगळा कळप दुभंगला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, मधे ट्रॅक्टर जाईल एवढी स्वच्छ वाट. हे त्या वाटेने एकाही मेंढीला धक्का न लावता माझ्यापर्यंत आले, मला उचलून ट्रॉलीत आत्याबाईंच्या शेजारी ठेवलं, आणि एवढी लांब ट्रॉली त्याच वाटेने सरळ रेषेत मागे घेतली. मुरगळलेला पाय धरून मी शिट्टी वाजवली. राहवेचना मला!

मोबाइलमधून निखिलराव ओरडले, "बाबा! रेस्क्यू लेन! इथे जाम झाला की अँब्युलन्ससाठी मधे अशीच वाट सोडावी लागते. लोकांना भर रस्त्यावर जमत नाही, तुम्ही मेंढ्यांकडून करून घेतली! आणि तो रिव्हर्स! बुकिंग पक्कं!"

आत्याबाईंनी खाटेसकट उडी मारली. खंडूमामाला काही कळलं नव्हतं, पण तोही हसला. रात्री त्याच्या मेंढ्या युरोपभर बसल्या, आणि पेडगावात एवढं खतवलेलं रान दुसरं कोणाचं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही खरोखर गेलो. आणि काय सांगू! चार देशांत ह्यांनी मोटारहोमला ओरखडा येऊ दिला नाही. स्वित्झर्लंडच्या घाटात एका अरुंद वळणावर ती पिवळी बस समोर आलीच. मागच्या दोन गाडीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ह्यांनी आधी त्यांना मागे सरकू दिलं, मग आमचं घर अलगद मागे घेऊन कडेला लावलं आणि बसच्या ड्रायव्हरला रामराम केला. त्याने टोपी काढली! आत्याबाई पट्ट्यात बसल्या बसल्या म्हणाल्या, "माझा लेक हाय त्यो!" अख्ख्या प्रवासात गाडीला एकही दंड झाला नाही.

दंड एकच झाला. परतीच्या वाटेवर, जर्मनीतल्या एका लहानशा गावात. आम्ही पायी चाललो होतो. समोर सिग्नलवर लाल माणूस. रस्ता ओस, गाडी नाही, कुत्रं नाही. सगळे जण थांबले, आत्याबाईसुद्धा! मी म्हटलं, गाडी चालवणाऱ्यांचे नियम आहेत हे, आपण तर पायी. आणि ताठ मानेने रस्ता ओलांडला. पलीकडे पोलीस उभाच होता.

त्याने अदबीने काहीतरी विचारलं. धावत आलेल्या स्वातीने खालमानेने सांगितलं, "आई, ते विचारतायत, तुम्हाला इथले नियम कोणी सांगितले नाहीत का?"

तेवढ्यात हिरवा माणूस लागला म्हणून रीतसर रस्ता ओलांडून आमचे हे आले, पोलिसापुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, आमाला समद्याला हिनंच शिकवलंय."

स्वातीने त्याचंही भाषांतर केलं. पोलीस पोट धरून हसला, आणि मग पावती फाडली.