उलटी चकती

शहाद्याच्या बसस्थानकामागे वडिलांचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना पक्षाघात झाल्यापासून ते बंदच होतं. जागामालकाला त्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं: दुकान ठेवायचं की रिकामं करायचं. आईचं उत्तर तयार होतं. "दिवाळीले त्या दुकानवर बठतीन," ती येईल त्याला सांगे. वडिलांचा उजवा हात लुळा होता, पण डावा चालत होता, बोलणंही बरंचसं परतलं होतं. मला मात्र आशेपेक्षा पुरावा हवा होता.

म्हणून मी दुकानातला जुना सिग्नल जनरेटर, रेडिओ तपासायचं यंत्र, घरी आणला. आजारपणाआधी वडिलांनी त्याचा फिरता स्विच साफ करण्यासाठी उघडला होता आणि तो तसाच सुटा राहिला होता. त्यांची पद्धत ठरलेली होती. स्विचच्या दांड्यावरून विजेचे संपर्क जोडणारी एकेक चकती उतरवायची आणि त्याच क्रमाने कापसाच्या सुतात ओवायची, पुढची बाजू गाठीकडे ठेवून. लहानपणी मी एखादी चकती उलटी बसवली की ते म्हणत, "हाई काय जिलबी शे का व, कोन्हीबी बाजूथीन खावाले?"

मी खाटेजवळ स्टूल ओढलं. वडील सुतातून एकेक चकती सोडवून डाव्या हाताने माझ्याकडे देऊ लागले. क्रम अचूक होता. दारातून पाहणाऱ्या आईचा चेहरा उजळला. मला तो आनंद मान्य करता येईना. क्रम सुतात होता. त्यांच्या स्मरणात होता की नाही, हे यावरून सिद्ध होत नव्हतं.

शेवटची चकती मी त्यांच्या डोळ्यांदेखत उलटी बसवली आणि थांबले. त्यांची नजर माझ्या बोटांवरच होती.

"बराबर शे ना, आप्पा?"

"हां. आवळी टाक आते."

मी स्क्रू आवळले. त्यांनी दांडा फिरवला. टक्, टक्, टक्. ते समाधानाने हसले. हा आवाज पुढच्या पट्टीतल्या स्प्रिंग आणि छर्ऱ्याचा असतो. दांड्यावर एकही चकती नसली तरी तो तसाच येतो. ही गोष्ट मला त्यांनीच शिकवली होती.

"दख, हात लागताच चालनं!" आई म्हणाली. "सांगी देऊ का मालकले?"

"थांब जराशी."

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, अशी माझी शिस्त. त्या दुपारी ती शिस्त होती की भीती, हे मला सांगता येणार नाही. मी स्विच पुन्हा उघडला, ती चकती पूर्ण काढून चादरीवर त्यांच्या हातापाशी ठेवली आणि उरलेला स्विच जोडू लागले. चकतीची जागा दांड्यावर उघडी दिसत होती. आता तरी ते रागावतील, डाव्या हाताने माझं मनगट धरतील, असं वाटत होतं.

त्यांनी चकती उचलली. उजेडाकडे धरली, उलटसुलट करून पाहिली, कडेच्या पितळी जिभांवरून अंगठा फिरवला. मग ती माझ्यापुढे धरून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने त्यांनी विचारलं, "हाई काय शे?"

आईने ते ऐकलं. पदराने हात पुसत ती आत गेली आणि थोड्या वेळाने फोनवरचा तिचा आवाज आला, शेजाऱ्यांशी बोलते तितकाच साधा: "हां भाऊ. खाली करी देतस आम्ही."

चकती अजून त्यांच्या हातात होती. मी ती मागून घेतली, जोडलेलं पुन्हा सोडवलं आणि चकती सुलटी करून तिच्या जागी बसवली. आता चूक मुद्दाम ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं.