स्वयंपाकघराच्या दारातली गरम फरशी

बाबा नागपूरहून आले ते मार्चपर्यंत राहायचं ठरवून, आणि नोव्हेंबर संपायच्या आत "तिकीट प्रीपोन करता येतं का गं?" असं विचारायला लागले. शिकागोच्या थंडीपुढे त्यांची कानटोपी आणि दोन स्वेटर तोकडे पडत होते. त्यात त्यांना दिलेली मागची खोली म्हणजे निव्वळ फ्रीज. तिथला रेडिएटर आधीच्या मालकाने का काढून टाकला होता, देव जाणे.

खोलीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. "फर्स्ट क्लास आहे," म्हणायचे आणि सकाळी उठल्या उठल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायचे. खाली, फरशीवर, चौकटीला टेकून, पाय लांब करून. घरात खुर्च्या आहेत, सोफा आहे, पण नाही! डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी तिथेच निवडायची, फोनवरच्या बातम्या तिथेच ऐकायच्या. मी कुकर घेऊन निघाले की मध्ये बाबांचे पाय.

"बाबा, पाय!"

"घेतले," ते म्हणायचे. पाच मिनिटांनी पाय पुन्हा जागेवर.

मी चिडचिड करायचे, पण त्यांनी जाऊ नये असंच मला वाटत होतं. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. नागपूरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ते एकटे वरणभाताचा कुकर लावणार, हे मला सहन होत नव्हतं. त्यांची खोली गरम केली की राहतील, असं मी ठरवून टाकलं आणि प्लंबरला बोलावलं.

तो बेसमेंटमध्ये बराच वेळ ठोकाठोकी करून खूश होऊन वर आला. मागच्या खोलीचे जुने पाइप अजून भिंतीच्या आत शाबूत होते. डायनिंगच्या रेडिएटरला जाणारं गरम पाणी स्वयंपाकघराखालून उगाच वळसा घालत होतं. तो वळसा बंद करायचा आणि पाणी त्या जुन्या पाइपांतून न्यायचं, म्हणजे वाटेत बाबांची खोलीही तापेल. भिंत फोडायला नको. मी लगेच हो म्हटलं.

नवा रेडिएटर तापला तेव्हा बाबांनी त्यावर हात ठेवला. "बाप्पा! खोलीत चूलच आली की!" त्यांनी लगेच त्यावर मोजे वाळत घातले. मी दिवसभर कॉलर ताठ करून फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे दारात येऊन बसले. तळहाताने फरशी चाचपली, थोडं सरकून पुन्हा चाचपली. मग उठले आणि मेथीची जुडी घेऊन खोलीत गेले. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारही लावून घेतलं.

वाट मोकळी झाली. मी खुशाल कुकर घेऊन इकडून तिकडे फिरत होते. आणि एकदा तिथून जाताना मी सवयीने "बाबा, पाय!" म्हणून ओरडले आणि रिकाम्या फरशीवरून ढांग टाकली. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला पुन्हा तिकिटाचं विचारलं. आता तर खोली गरम होती!

मी स्लिपर काढून दारात उभी राहिले. फरशी बर्फासारखी गार. तो वळसा नेमका इथून जात होता तर! बारा महिने पायात स्लिपर, मला कळणार कुठून?

"बाबा, बाहेर या ना. खुर्ची ठेवते दारात."

"नको. तुझी कामं चाललेली असतात. मी बरा आहे इथे."

म्हणजे बसायचं निमित्तच मी बंद करून ठेवलं होतं.

प्लंबरला पुन्हा बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार दाखवलं. "पण तिथे रेडिएटर नाहीये," तो म्हणाला. मी म्हटलं, मला रेडिएटर नकोच आहे, फरशी गरम हवी आहे. माझ्याकडे एकदा नीट पाहून तो खाली गेला. वळशाचा पाइप जागेवरच होता, नुसता कॉक बंद केलेला. तो त्याने उघडला; खोलीचं गरम पाणीही चालूच राहिलं.

"बाबा, फरशी तापलीय," मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारातून ओरडून सांगितलं.

ते आले. फरशीला हात लावून बघितलं, बसले, पाय लांब केले आणि मेथी पुढ्यात ओढली.

"खोली उत्तम केलीस हं तू," ते म्हणाले. "पण तिथे दिवसभर माझ्या पायाला कुणी अडखळत नाही गं."

मी कुकर घेऊन त्यांच्या पायांपर्यंत आले.

"बाबा, पाय," मी म्हटलं, पण आवाज काही चढेना.

"घेतले," ते म्हणाले, आणि मेथी निवडत राहिले.