चोर आणि कुंपण

दुपारी माझी मुलगी खाटेवर पालथी पडून जुन्या लंडनमधल्या चोर-खुन्यांची इंग्रजी कादंबरी वाचत होती. पानं भराभर उलटत होती. मध्येच ती स्वतःशी हसली आणि मला तिचा हेवा वाटला.

हीच कादंबरी कॉलेजात असताना मी शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिने वाचली होती. सरांनी स्वतःची प्रत दिली होती. ते उपकार मी विसरलेलो नाही.

"चोर धुक्यात कुंपणापाशी जातो, तो भाग आला का?" मी विचारलं.

"कुठलं कुंपण?"

मी पान काढून दाखवलं. ती हसू दाबत म्हणाली, "अहो बाबा, इथे फेन्स म्हणजे चोरीचा माल घेणारा. चोर त्या म्हाताऱ्याकडे जातो."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वाचता वाचता कळतं."

मला कधीच काही वाचता वाचता कळलं नाही. शब्दकोश जो पहिला अर्थ देई, तो घेऊन मी समाधानाने पुढे जायचो. तिचं असं होऊ नये म्हणूनच तिला इंग्रजी शाळेत घातलं. झालं नाही, याचा आनंद आहेच. तरी आत काहीतरी टोचत राहिलं.

"मग तुमच्या मते त्या चोराला पकडून कोण देतं?" तिने विचारलं.

पोलीस कुंपणामागे लपले असतील, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मी खाटेच्या कडेला बसलो. "तू सांग," म्हणालो.