जमीन वर आली

"मी पडलो नाय रे, जमीनच वर आली."

उमेर हे आंबा घाटात म्हणाला. चहाच्या टपरीसमोर मोटरसायकल थांबवून त्याने टेकवायला म्हणून पाय काढला आणि गाडीसकट आडवा झाला. एक पाय गाडीखाली, हेल्मेट डोक्यात तसंच आणि चेहऱ्यावर खरंखुरं नवल. संदेशचा कॅमेरा चालू होता. लवू हसून हसून रस्त्याच्या कडेला बसला. त्यांना लडाखला जायचं होतं आणि अजून रत्नागिरी जिल्हाही ओलांडून झाला नव्हता.

तिघे रत्नागिरीचे, शाळेपासूनचे. संदेश लग्नांचे व्हिडिओ काढतो. लवूचं कुवारबावला सलून आहे. उमेर राजिवड्याचा. तरुणपणी त्याने सौदीत दम्मामला ट्रेलर चालवला, परत आल्यावर बर्फाचा टेम्पो, कारखान्यातून मिरकरवाड्याच्या जेटीवर. चाळिशी आली तसं तिघांच्या मनात आलं की एकदा लांब जाऊन यावं. संदेशने त्या प्रवासाची मालिका केली, वाटेतूनच यूट्यूबवर टाकली आणि नाव ठेवलं 'घरी सांगू नका'. कारण उमेरने बायकोला, शरीफाला, आणि मुलीला, झाराला, कोल्हापुरात टेम्पोचं काम आहे एवढंच सांगितलं होतं. राजस्थानचा भाग पाहून शरीफाचा फोन आला, "झाराचे अब्बा, कोल्हापुरात उंट कधीपासून फिरायला लागले?" तो फोनही मालिकेत गेला.

उमेर वाटभर पडला. गुजरातेत एका पंपावर पडला, उन्हात उभ्या गाडीवरून. हिमाचलात ओढा पार करून पलीकडे सुखरूप आला, गाडी थांबवली आणि मग पाण्यात पडला. दरवेळी तो तेच वाक्य बोलायचा. दरवेळी संदेश तिथे 'टुंग' असा आवाज घालायचा, रिकाम्या पातेल्यावर डाव आपटल्यासारखा, आणि तेच पडणं सावकाश करून पुन्हा दाखवायचा. लोक त्या टुंगची वाट पाहू लागले. लडाखचे डोंगर कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. चालत्या गाडीवरून उमेर एकदाही पडला नव्हता. तो थांबताना पडायचा. चालती गाडी आपला तोल आपण राखते. माणसाला स्वतःचा तोल लागतो तो थांबल्यावर.

परत आला तेव्हा तो गावात ओळखीचा झाला होता. त्याच्या वाक्याचे टीशर्ट निघाले. शाळेतून येणारी पोरं त्याला पाहून रस्त्यात मुद्दाम लोळण घ्यायची. त्याला ते आवडलं. बर्फ ओढण्यात जन्म गेलेल्या माणसाकडे पाहून लोकांचे चेहरे उजळतात, हे कुणाला आवडणार नाही?

मग तो गाडीशिवायही पडू लागला. आधी न्हाणीत. मग मशिदीत. सजद्यात टेकलेलं कपाळ उचलून उठताना शेजारच्याच्या अंगावर गेला. शेजारी नमाजात होता, बोलला नाही, पण त्याचे खांदे हसण्याने हलत होते. उमेरला ते दिसलं. त्या दिवसानंतर तो घरीच खुर्चीवर बसून नमाज पढू लागला. पाय फाकवून चालायला लागला तर बाजाराला वाटलं, नवीन नक्कल आहे. पाठीमागून दोघंतिघं तसंच चालायची.

जेटीवर टेम्पो मागे घेताना एकदा त्याचा ब्रेकवरचा पाय भलतीकडे गेला. चाक कठड्याला टेकून थांबलं. पलीकडे पाणीच. टोपल्या घेऊन बसलेल्या मासळीवाल्या ओरडल्या, "काय ओ उमेरभाय, आज समुद्र वर आला काय?" सगळी जेटी हसली. उमेरनेही हसून हात केला. दुपारी त्याने चावी मालकाच्या टेबलावर ठेवली ती कायमची.

शरीफा त्याला कोल्हापूरला घेऊन गेली, ह्या वेळी खरोखरच. डॉक्टर तरुण होते. उमेर आत शिरताच म्हणाले, "तुम्ही ते जमीनवाले ना? आमच्या घरी सगळे बघतात." मग त्यांनी त्याला एका रेषेवर चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं. बोट गालावर गेलं. पुन्हा लावायला सांगितलं. कानाकडे गेलं. डॉक्टरांचं हसू ओसरलं. तपासण्या झाल्या. सगळं झाल्यावर त्यांनी आपला मोबाइल काढला, आंबा घाटातला तो प्रसंग लावला आणि आवाज बंद केला.

"तेव्हापासूनच आहे हे," ते म्हणाले.

उमेरने स्वतःला पहिल्यांदाच टुंगशिवाय पडताना पाहिलं. एक माणूस थांबतो. त्याचा पाय जमीन शोधतो. जमीन तिथेच असते, पायाला सापडत नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो आकसत चालला होता. शरीफाने विचारलं, "बरं होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "थोडं लांबवता येईल." पुढे चाकाची खुर्ची. त्याच्या पुढे जीभही जड होईल, बोललेलं लोकांना कळणार नाही.

परतीच्या एसटीत घाट उतरताना उमेर म्हणाला, "घरी सांगू नको."

"घर म्हणजे मीच नाय का?"

"झाराला म्हणतोय मी."

शरीफाने खिडकीची काच ओढून घेतली. ती चहाची टपरी मागे गेली.

दोन मित्रांना मात्र सांगायचं त्याने ठरवलं. लवूच्या सलूनमध्ये गेला. संदेश तिथेच बाकावर होता. लवू एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

"माझा मेंदू आकसतोय," उमेर म्हणाला.

लवूचा वस्तरा क्षणभर थांबला. "मेल्या, होता तरी केवढा!"

गिऱ्हाईक फेसासकट हसलं. संदेश खिसे चाचपत उठला. "थांब, थांब उम्या, परत बोल. मोबाइल काढतो."

"नाय रे, खरंच. डॉक्टर बोलले."

"तोंड बघ, तोंड! आयला, ह्याला शिकवावं लागत नाय." संदेशने मोबाइल त्याच्यासमोर धरला. "दुसऱ्या सीझनची सुरवात हीच."

आणि उमेर हसला. सवय तोंडाला असते, माणसाला विचारत नाही. घरी येऊन मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"तो रिपोर्ट नेऊन त्यांच्या पुढ्यात टाका," शरीफा चिडून म्हणाली.

"कागद बघून पटलं तर काय उपयोग? शाळेपासनं ओळखतात मला." मग तिच्याकडे कूस वळवून म्हणाला, "एकदा माझ्या तोंडून पटू दे गं. जीभ हाय तोवर."

एवढंच त्याला हवं होतं. बरं होण्याची आशा त्याने एसटीतच सोडली होती.

दुसरा सीझन जाहीर करायचा कार्यक्रम रविवारी सकाळी शहरातल्या एका सभागृहात होता. लोक वाक्याचे टीशर्ट घालून आले होते. संदेश बाजूला लॅपटॉप घेऊन बसला होता. शरीफा पहिल्या रांगेत होती. लवूने नाव पुकारलं आणि उमेर टेबल धरत धरत माइकपाशी आला. त्याच्या चालण्यालाच शिट्ट्या पडल्या. तो शिट्ट्या थांबेपर्यंत थांबला.

"मी ह्या वेळी येणार नाय," तो म्हणाला. "मला आजार हाय. माझा तोल जातो तो त्याच्यामुळे जातो."

कुणीतरी खुसखुसलं. लवू मागे तोंडावर हात धरून उभा होता.

"घाटात पडलो तोही त्याच्यामुळेच. मी गंमत नव्हती केली. संदेश, लवू, तुम्हाला सांगतोय. मी पाय ठेवायला गेलो आणि मला खरंच असं वाटलं की जमीन..."

"वर आली!" सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं.

उमेर दचकला. टेबलावरचा हात सुटला, गुडघा वाकला, माइक धरायला गेला तो माइकसकट खाली बसला.

टुंग.

संदेशचं बोट लॅपटॉपच्या बटणावर आपोआप गेलं होतं. छप्पर उडेल असा हशा झाला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. लवू डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत शरीफा उभी राहिली. ती संदेशकडे पाहत राहिली. संदेशने तिचा चेहरा पाहिला आणि त्याचा हात लॅपटॉपवरून हळूहळू मागे आला.

"उम्या," तो म्हणाला. त्याच्याकडे माइक नव्हता. त्या गोंधळात ते फक्त उमेरला ऐकू गेलं.

उमेरने त्याच्याकडे पाहिलं. संदेशला पटलं होतं, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण शरीफाकडे बघून पटलं होतं.

टेबलाचा पाय धरून उमेर उठला. माइक टेबलावर ठेवायला गेला. पहिल्यांदा टेबल चुकलं, दुसऱ्यांदा सापडलं. मग तो मंचाच्या पायऱ्या उतरून मधल्या वाटेत आला. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांच्या पाठी धरत चालला. आधारासाठी पुढे केलेला त्याचा हात लोकांना हात मिळवायलाच आहे असं वाटत होतं. ते आनंदाने तो धरत होते, हलवत होते, सोडत होते. शरीफा चार पावलं मागे होती. दाराशी कुणीतरी म्हणालं, "उमेरभाय, एकदा ते वाक्य बोला ना!" त्याने चौकट धरली, उंबऱ्यापलीकडे पाय टाकून जमीन चाचपली आणि बाहेर गेला.